मधला तुकडा

रविवारी सकाळी बोट लागली तेव्हा नलूनं मासळीतला सगळ्यात मोठा दाढा लिलावाकडे जाऊच दिला नाही. चांगला हातभर लांब मासा, कल्ले लालभडक. तिनं तो टोपलीतून उचलला, पोटाशी धरला आणि वाळू तुडवत घराकडे निघाली.

"आये, तो कुठं नेतेस?" विनोद बोटीवरून ओरडला.

"चुलीवर."

"अगं, बोईसरचा व्यापारी त्याच्यासाठी खोळंबलाय!"

"खोळंबू दे. आज माझ्याकडं सरकार जेवायला येतंय."

सरकार म्हणजे बुधा सर. गावच्या हायस्कुलात खेळ शिकवणारे. वय तिशीच्या आतबाहेर, अंगानं काटकुळे, आणि स्वभावानं इतके मवाळ की वर्गातली पोरंही त्यांना सांभाळून घेत. पण गेल्या गुरुवारपासून नलूच्या लेखी सगळा अपराध त्यांचाच होता, कारण नातीला धावायला लावलं ते त्यांनी.

झालं होतं ते असं. नलूच्या धाकट्या लेकाची, दर्पणची, जागृती आठशे मीटर धावण्यात आधी तालुक्यात पहिली आली, मग जिल्ह्यात पहिली आली. चौदा वर्षांची पोर. पुण्याच्या सरकारी क्रीडा वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव लागलं. राहणं, खाणं, शाळा, बूट, सगळं सरकारचं. घिवली गावात आजवर कुणाच्या मुलाचं असं नाव लागलं नव्हतं, मुलीचं तर सोडाच. तिच्या आईनं, मोनालीनं, आळीभर पेढे वाटले. राहिली होती ती फक्त डॉक्टरी तपासणी. ती कोळगावला, जिल्ह्याच्या ठिकाणी झाली आणि कागद हातात आला. रक्त आठ पूर्णांक सहा. दहा आठवड्यांनी पुन्हा तपासणार. तेव्हा अकराच्या वर गेलं तर प्रवेश, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीची. आणि त्याखाली डॉक्टरांनी हातानं लिहिलेले दोन शब्द: अपुरे पोषण.

ते दोन शब्द नलूच्या जिव्हारी लागले. तिनं ते मोनालीकडून तीन वेळा वाचून घेतले, दर वेळी बदलतील या आशेनं. तीस वर्षं ती डोक्यावर टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसत होती. अर्धं बोईसर आपण खाऊ घातलं असं ती बिनदिक्कत सांगायची, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. नवरा बोटीचा तांडेल, थोरला लेक त्याच बोटीवर, घरात रोज दोन्ही वेळा मासळी. अशा घरातल्या पोरीच्या नावापुढं कोण कुठल्या डॉक्टरनं असं लिहावं? आळीत कुणी विचारलं तर सांगायचं काय? नलू तांडेलीण नातीला उपाशी ठेवते?

तिनं शाळेत निरोप धाडला. सरांना म्हणावं रविवारी जेवायला या, आमच्या घरात काय शिजतं ते डोळ्यांनी बघा, आणि मग जाऊन तो कागद बदलून आणा.

घरात या कागदावरून दोन तट पडले होते. विनोदला मनातून बरंच वाटलं होतं. "झालं ते चांगलं झालं. पोरीला एवढ्या लांब ठेवायची कशाला?" असं तो दोनदा बोलून गेला. त्याची बायको सपना या घरात आल्यापासून सासूच्या बाजूनं होती, ती आताही सासूच्या बाजूनंच फणफणत होती. दर्पण कारखान्यातून यायचा, कागद उलटसुलट करून बघायचा आणि परत खिशात ठेवायचा. मोनाली काहीच बोलत नव्हती. नलूला नेमकं तेच खटकत होतं. राहता राहिला म्हातारा, नलूचा नवरा. बोटीवर ज्याचा आवाज वाऱ्याला पुरून उरायचा, तो कमलाकांत घरात जाळं विणत बसला की तोंडात मिठाचा खडा धरल्यासारखा गप्प.

बुधा सर बाराला आले. चप्पल दाराबाहेर नीट जोडून काढली, हातातली पिशवी नलूच्या पुढं ठेवली.

"हे काय?"

"नाचणी हाय मावशी. आमच्या रानातली. आईनं पाठवलीय, जागृतीसाठी."

"आमच्याकडं काय कमी हाय म्हणून?" नलू म्हणाली. पण पिशवी तिनं परत केली नाही. दुसऱ्याच्या आईनं पाठवलेली वस्तू परत करणं तिच्यानं झालं नसतं.

सर खाटेच्या कडेला टेकले. दर्पण त्यांच्या शेजारी बसला, विनोद दाराला टेकून उभा राहिला. जागृती आतल्या खोलीच्या चौकटीत, एका पायावर भार देऊन, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

"सर, एक सांगा," विनोदनं सुरुवात केली. "पुण्याला नेऊन सरकार हिला काय देणार? धावायला आमच्याकडं एवढा मोठा किनारा हाय."

बुधा सर थोडे हसले. "दादा, मी जव्हारच्या वरच्या पाड्यावरचा. आमचा जमिनीचा तुकडा पावसावरचा. भात कापून झालं की सगळं घर भिवंडीला वीटभट्टीवर. मी पण. सहावीत होतो तेव्हा आश्रमशाळेतल्या गुरुजींनी अडवलं. म्हणाले, याला नेऊ नका, हा पळतो चांगला. माझा बाप हसला. पळतो तर आमी सगळेच, म्हणाला. तर अशाच चाचणीतून मी वसतिगृहात गेलो."

"मग?"

"पहिल्या दिवशी सकाळी ताटात दोन उकडलेली अंडी. मी एक खाल्लं, एक खिशात घातलं. आईसाठी. आई भिवंडीला, मी पुण्यात, तिच्यापर्यंत ते पोचणार कसं, तेवढी अक्कल नव्हती. वॉर्डननी पकडलं. मला वाटलं मारणार. त्यांनी खाली बसून सांगितलं, बाळा, हे अंडं सरकारनं तुझ्या नावानं दिलंय. हे तूच खायचं. ही तुझी ड्यूटी." सरांनी हाताचा तळवा गुडघ्यावर पुसला. "आयुष्यात पयल्यांदा कुणीतरी माझ्या नावानं काही खायला काढून ठेवलं होतं, मावशी. ते मी इसरलो नाय."

नलू कांदा चिरत होती. सुरी जरा थांबली. तिच्या हिशेबी सरकार म्हणजे पावसाळ्याची मासेमारी बंदी, बोटीचा नंबर, रेशनकार्डाची खेप आणि खिडकीपुढची रांग. सरकारनं आजवर या घराला नाना गोष्टी विचारल्या होत्या. पोरीनं काय खाल्लं, हे मात्र पहिल्यांदाच विचारलं होतं. हा विचार तिच्या मनात आला, आणि आला तसा तिनं तो बाजूला सारला. आज तिला भांडायचं होतं.

"ते सगळं खरं, सर," ती म्हणाली. "पण ते वीटभट्टीचं. हे तांडेलाचं घर हाय. आता पानं वाढते. तुमीच बघा आणि तुमीच सांगा, अपुरं काय हाय ते."

एरवी पुरुष आधी आणि बायका मागून बसायच्या. आज नलूनं सगळ्यांना एकदमच बसवलं. काय ते सरकारला एका नजरेत दिसू दे. तांदळाच्या भाकऱ्या, वाफेचा भात, आणि टोपभर दाढ्याचं कालवण. वर तेल तरंगत होतं आणि कोकमाचा आंबट वास ओसरीपर्यंत गेला होता. बोटीवरच्या डब्यासाठी चार तुकडे तिनं आधीच वेगळे काढून ठेवले होते. ते तर नेहमीचंच.

मग तिनं वाढायचा डाव हातात घेतला.

सरांच्या पानात दोन मधले तुकडे. कमलाकांतच्या पानात दोन. विनोदच्या पानात दोन, वर डोक्याचा अर्धा भाग, त्याला आवडतो म्हणून. सपनाला एक मोठा. दर्पणला एक, शेपटीकडचा. मोनालीला त्याहून लहान. वाढताना नलू सरांच्या चेहऱ्याकडे बघत होती, टोपाकडे नाही. चाळीस वर्षं वाढणाऱ्या हाताला बघावं लागत नाही.

जागृतीच्या पानाशी आली आणि डाव टोपाच्या बुडाला लागला.

त्या आवाजानं नलूनं खाली पाहिलं. डावात शेपटी होती. बोटाएवढं मांस, बाकी काटे. तीही तिनं सवयीनं पानात घातली, वर रस्सा घातला, आणि जागृतीनंही सवयीनंच "बस, आजी" म्हणून हात आडवा केला. पोरीच्या डाव्या हाताशी चहाचा पेला होता. जेवणावर चहा लागायचाच तिला. मासळी संपली की भात चहाबरोबर गिळून ती मोकळी व्हायची. हे नलू रोज बघत होती. आज ती पाहुण्याच्या डोळ्यांनी बघत होती.

बुधा सरांनी आपल्या पानातल्या दोन तुकड्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या बिचाऱ्यालाच लाज वाटली होती.

"आज पाहुणे हायेत म्हणून कमी पडलं," नलू म्हणाली. आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटतोय हे तिला कळत होतं.

"नाय, आई."

मोनाली बोलली होती. सोळा वर्षांत या पोरीनं सासूचं वाक्य कधी खोडलं नव्हतं.

"पाहुणे नसले तरी एवढंच असतं. यांनी बोट सोडली आणि कारखाना धरला, त्या दिसापासून आमच्या पानात शेपटीकडचंच येतं. मी काय बोलले नाय. म्हटलं, घराची रीत हाय. पण जागृतीनं कुठं बोट सोडली?"

"मोना, गप," दर्पण हळूच म्हणाला.

"अकरा वर्षं गप्पच हाय."

रीत होती, हे खरंच. ती नलूनं काढलेली नव्हती. कमलाकांतच्या आईची होती. दर्यावर जाणाऱ्याला आधी आणि मधला तुकडा, मग त्याच्या बायकापोरांना, मग बाकीच्यांना. ज्या काळात वल्हं मारून हाताची सालटं निघायची, त्या काळात ती शहाणपणाचीच होती. नवी सून म्हणून आली तेव्हा सासूनं नलूला डाव दिला तो या रीतीसकट. अकरा वर्षांपूर्वी दर्पणनं बोट सोडली तेव्हा घरात महाभारत झालं, बापलेक वर्षभर बोलले नाहीत. नलूनं मात्र लेकाची बाजू घेतली होती. निदान तिला आजवर तसंच वाटत होतं. तोंडानं ती लेकाची बाजू घेत राहिली आणि तिचा हात दोन्ही वेळा त्याला शिक्षा देत राहिला, आणि त्याच्यामागं त्याच्या पोरीला. तिला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

तिनं सपनाकडे पाहिलं. आता ही माझी बाजू घेईल. सपनानं सासूकडे पाहिलंच नाही. तिनं आपल्या पानातला मोठा तुकडा उचलला आणि वाकून जागृतीच्या पानात ठेवला.

"मी अजून हात लावला नव्हता," ती एवढंच म्हणाली.

"तू पण?" विनोद उखडला. "अगं, एका तुकड्यानं काय होतंय? आणि समजा झालं रक्त अकरा. पोर पुण्याला जाईल. परत येईल काय? आधी दर्पण गेला. तो आला परत?"

"मी कुठं गेलो, दादा?" दर्पणनं प्रथमच मान वर केली. "रोज कारखान्यातनं येतो आणि याच छपराखाली झोपतो. तूच मला अकरा वर्षं लांब धरून ठेवलंस."

विनोद पानातलं माशाचं डोकं उगाच चिवडू लागला.

तेवढ्यात कमलाकांत खाकरला. तो खाकरला की बोटीवर दोरखंड धरणारे हात थांबायचे. इथंही थांबले.

"सर, ही रोज किती धावते?"

"सकाळी सहा किलोमीटर, संध्याकाळी चार."

"वाळूत?"

"वाळूत. अनवाणी."

म्हाताऱ्यानं भाकरी मोडली. "अर्धं डिझेल घालून बोट दर्यात घातली, तर?"

"कोळगावचे डॉक्टर हेच बोलले, बाबा," बुधा सर एकदम उजळून म्हणाले. "ते म्हणाले, मला भरोसा बसत नाय. अर्ध्या रक्तावर ही पोर जिल्ह्यात पयली आली, तर पुऱ्या रक्तावर काय करेल? तो कागद तिला काढून टाकायला नाय लिहिला त्यांनी. दहा आठवडे मुद्दाम मागून घेतले. नियमात बसवायला स्वतः दोन फोन केले. माझ्यासमोर."

कमलाकांतनं जागृतीकडे पाहिलं, बराच वेळ. नातीकडे असं त्यानं पूर्वी कधी पाहिलेलं नलूला आठवत नव्हतं. वादळाचा अंदाज घेताना आभाळाकडे बघायचा तसा.

"खलाशी हाय ही," तो म्हणाला. "दहा किलोमीटर रोज. आमच्यातला कोण ओढतो एवढं? आजपासून हिला खलाशाचा वाटा. मधला तुकडा. नलू, ऐकलंस?"

"माझे कान शाबूत हायत," नलू म्हणाली. डोळे भरून आले होते, ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती वाकली, जागृतीच्या पानातली शेपटी उचलली आणि आपल्या रिकाम्या ताटलीत टाकली. बोटीच्या डब्यातले चारही तुकडे काढून आणले. दोन पोरीच्या पानात, एक दर्पणच्या, एक मोनालीच्या. मग चहाचा पेला उचलून मोरीत ओतला.

"आजी, माझा चहा!"

"ड्यूटी हाय ना तुझी?" नलू म्हणाली. "खा मुकाट्यानं."

बुधा सरांनी तेव्हा कुठं पहिला घास घेतला.

त्यानंतरचे दहा आठवडे त्या घरावर नलूचं लष्करी राज्य आलं. भांडण करायला निघालेल्या बाईनं एकदा बाजू बदलली की ती सरकारच्याही पुढं धावते. उपकेंद्रातली नर्स, रूपल, दर शनिवारी लोहाच्या गोळ्या घेऊन यायची; नलू तिला दारातच गाठून मागच्या आठवड्याची रिकामी पाकिटं दाखवायची. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा नाही, त्यानं लोह अंगी लागत नाही, असं रूपल सांगून गेली. नलूनं तो हुकूम सगळ्या घराला लावला. म्हाताऱ्याचे हाल झाले. तो चहासाठी शेजारी जाऊ लागला, तर तिनं शेजारणीलाही दम भरला. सकाळी नाचणीची भाकरी आणि अंडं, दुपारी कालवणावर लिंबू, संध्याकाळी मूठभर सुका जवळा परतून. शाळेत सरकारी योजनेतून मोड आलेली कडधान्यं मिळायची, ती पोरं खातात की कोंबड्यांना टाकतात हे बघायला ती एकदा थेट शाळेत गेली. पोरं खात होती. तिनंही एक वाटी खाऊन पाहिली. मीठ कमी आहे, एवढंच तिचं म्हणणं पडलं.

एका सकाळी ती किनाऱ्यावर गेली. लांबवर अणुकेंद्राच्या इमारती धुक्यात होत्या आणि ओल्या वाळूवर बुधा सर शिट्टी घेऊन उभे. तिला वाटलं होतं चारदोन पोरी असतील. तेवीस होत्या. कोळ्यांच्या, आतल्या पाड्यांवरच्या, अणुकेंद्राच्या कॉलनीतल्या दोन, आणि बोईसरच्या कामगाराची एक, जी "सर, और एक राउंड?" म्हणून मागं लागली होती. प्रत्येकीच्या नावापुढं सरांच्या वहीत उंची, वजन आणि रक्त लिहिलेलं, सरांनी ते तिला वाचून दाखवलं. रविवार असो की सण, हा माणूस पहाटे अंधारात चालत येतो, हे नलूला त्या दिवशी कळलं. तिनं घरी जाऊन त्याच्यासाठी सुक्या बोंबलांची जुडी बांधून ठेवली आणि बाजारात आपल्या शेजारणींना सांगितलं, "कागदावर लिहिणारे खूप बघितले. हा कागदामागनं चालत येणारा हाय."

सहाव्या आठवड्यात विनोद बोटीवरून आला आणि काही न बोलता एक रावस जागृतीच्या पुढं ठेवून गेला. शेपटीला सुतळी बांधलेली. बोटीवर ज्याच्या त्याच्या वाट्याला अशीच खूण बांधतात. पोर ती सुतळी मनगटाला गुंडाळून धावायला गेली. मोनालीनं ते दर्पणला दाखवलं, आणि त्या संध्याकाळी अकरा वर्षांनी दोघे भाऊ एका जाळ्याची दोन टोकं धरून विणत बसलेले नलूनं पाहिले.

कोळगावला पुन्हा तपासणीला जायच्या दिवशी नलू हट्टानं बरोबर गेली. एवढी मोठी चकचकीत इमारत बघून तिनं पदर सावरला. इथं आपल्याला दिवसभर ताटकळत ठेवणार अशी तयारी करून तिनं भाकरीही बांधून आणली होती. पण खेळाडूंसाठी वेगळी खोली होती, बसायला खुर्च्या होत्या, आणि सुई टोचणारी तर ओळखीचीच निघाली. रूपलची ड्यूटी त्या दिवशी तिथल्या तपासणी शिबिरात होती.

जागृतीनं बोट पुढं केलं. मोनालीनं डोळे मिटले. बुधा सर भिंतीवरचा तक्ता वाचत असल्याचं सोंग करत होते. नलू त्या छोट्या यंत्राकडे अशी बघत होती की जणू लिलावात शेवटची बोली लागायची आहे.

"अकरा पूर्णांक चार," रूपल म्हणाली.

"म्हणजे?" नलूनं विचारलं. कळलं होतं, पण ऐकायचं होतं.

"म्हणजे पुणे, आजी!"

मोनाली रडायला लागली. सरांनी खिशातून रुमाल काढला, तो तिला द्यायचा की आपण वापरायचा हे त्यांना ठरवता येईना. तो जुना कागद लिहिणारे डॉक्टर आतून उठून बाहेर आले, चांगले पोक्त गृहस्थ, आणि जागृतीशी त्यांनी मोठ्या माणसाशी करावं तसं हस्तांदोलन केलं. नलू ज्या माणसाला दहा आठवडे मनातल्या मनात शिव्या घालत होती त्याच्यापुढं तिनं हात जोडले आणि बांधून आणलेली भाकरी त्याच्या टेबलावर ठेवली. "अपुरं नाय आता," ती म्हणाली. डॉक्टर मनापासून हसले.

"आजी, आता तुमी बसा," रूपल म्हणाली.

"मी कशाला? मला काय पुण्याला धावायचं हाय?"

"आज सगळ्या बायांचं बघतो आमी. बसा. मुंगी चावल्यासारखं होईल."

नलू बसली. टोचून घेतलं. रूपलनं आकडा पाहिला, यंत्र पुसलं, दुसऱ्या बोटातून पुन्हा एक थेंब घेतला. मग हळू आवाजात म्हणाली, "सात पूर्णांक नऊ. चक्कर येत नाय तुमाला?"

"येते कधी कधी. टोपली उचलताना. वयाचं हाय ते."

"वयाचं नाय हे. आजी, घरात तुमाला वाढतं कोण?"

नलूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. साधा प्रश्न होता. ती आठवायला लागली. लग्नाआधी आई वाढायची. त्यानंतर? सणाला? बाळंतपणात? तिला काही केल्या आठवेना. मागं उभ्या असलेल्या जागृतीनं तो आकडाही ऐकला आणि ते गप्प बसणंही.

पुण्याला निघायच्या दिवशी दुपारी सगळे पुन्हा एकत्र बसले. सरांनाही बोलावलं होतं. दर्पणनं रजा काढली होती, विनोदनं बोट लावून ठेवली होती आणि दाढाच आणला होता, पहिल्यापेक्षा मोठा. कालवण नलूनंच केलं. टोप पानांमध्ये आणून ठेवला आणि डावाला हात घातला, तर डाव जागेवर नव्हता.

तो जागृतीच्या हातात होता.

"बस, आजी."

"अगं, तुला पाच वाजता निघायचंय. दे इकडं."

"बस म्हटलं ना."

नलूनं मदतीसाठी कमलाकांतकडे पाहिलं. त्यानं सरकून आपल्या शेजारी जागा केली. सपनानं तिथं पाट मांडला. मोनालीनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि लिंबाची फोड. चारी बाजूंनी घेरल्यावर नलू काय करणार? ती बसली. पाट तिला फार सखल वाटला. इतकी वर्षं हे घर तिनं उभ्यानं, वाकून पाहिलं होतं. बसून ते वेगळंच दिसत होतं.

जागृतीनं डाव टोपात घातला. पाहुण्यांचं पान सोडलं, तांडेलाचं सोडलं. सरळ आजीच्या पानाशी आली आणि दोन तुकडे वाढले. मधले.

"आधी सरांना वाढ गं, काय म्हणतील ते!"

"सर काय नाय म्हणत," बुधा सर म्हणाले.

"हे तुझ्या नावानं काढलंय, आजी," जागृती म्हणाली. "मी पुण्याला गेल्यावर आई वाढेल. काकी वाढेल. मी रोज फोन करून विचारणार. तुझी पण ड्यूटी हाय."

सगळे थांबले होते. नलूनं तुकडा फोडला, भातात कालवला आणि घास करण्याआधी दोन बोटांनी त्यातले काटे चाचपले. चाळीस वर्षांची सवय ती. बोटं शोधत राहिली, पुन्हा शोधत राहिली. काटा नव्हताच. तिनं घास तोंडात घातला, आणि रडू नये म्हणून नीट चावून खाल्ला.